वर्तणूक चांगली

तुमसरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक कोण, असा प्रश्न एका सकाळी उत्तरेकडच्या एका विद्यापीठाकडून ईमेलनं आला आणि आमच्या प्राचार्यांची चांगलीच पंचाईत झाली. आमच्याकडं शिपाई दोन होते, त्यातला एक कायम रजेवर. ग्रंथपाल होते, तेच क्रिकेटच्या बॅटी सांभाळायचे. पण समुपदेशक नावाचा प्राणी तालुक्यात कुणी पाहिलेला नव्हता. सरांनी ईमेलची प्रिंट माझ्यापुढं सरकवली. "मॅडम, इंग्रजीत हाये, म्हणजे तुमच्याच खात्याचं झालं. तुम्हीच होऊन जा समुपदेशक."

झाले. ना हुकूम, ना पगारवाढ. शिकवण्याचे अनुभव लिहा, असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह आहे. पण तीस वर्षं मी जे इंग्रजी शिकवलं, त्यानं कुणाचं फार बरं किंवा फार वाईट झालं असेल असं मला वाटत नाही. माझ्या हातून जे काही झालं ते पत्रांनी झालं. म्हणून पत्रांबद्दलच लिहिते.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांना थोडं समजावून सांगायला हवं. आपल्याकडं प्रवेश म्हणजे मार्क. यादी लागते, नाव असलं तर पेढे, नसलं तर दोन दिवस जेवण नाही, संपलं. ही नवी निवासी विद्यापीठं मात्र वेगळी. अर्ज हजारो, जागा मूठभर. त्यांना मार्क तर लागतातच, वर पोरगं कोण आहे हेही जाणून घ्यायचं असतं. म्हणून ते निबंध लिहायला लावतात, मुलाखत घेतात आणि शिक्षकाचं शिफारसपत्र मागतात. हे पत्र गुप्त असतं. विद्यार्थ्यानं ते वाचायचं नाही. शिक्षकानं आपल्या संगणकावरून थेट धाडायचं. पत्रासोबत एक तक्ताही असतो. हा विद्यार्थी चांगला, खूप चांगला, की तुमच्या अख्ख्या नोकरीत पाहिलेला सर्वोत्तम, त्यावर खूण करायची.

आता आमच्या जिल्ह्यातलं पत्र कसं असतं ते ऐका. "सदर विद्यार्थिनी प्रामाणिक, नियमित व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे. तिच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." बस. याच्या पुढं आमच्याकडं स्तुती नाही. पोलीस भरतीला हेच चालतं, नर्सिंगला हेच चालतं. मुख्याध्यापकांनी 'वर्तणूक समाधानकारक' लिहिलं म्हणून ऑफिसच्या दारात रडणारे बाप मी पाहिलेत. पण हेच पत्र इंग्रजीत करून त्या विद्यापीठात धाडलं की त्याचा अर्थ होतो, या बाईला ही पोरगी माहीतच नाही, किंवा माहीत असून सांगण्यासारखं काही नाही.

हे मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहिते आहे. आमच्यासारख्या नवशिक्या समुपदेशकांसाठी विद्यापीठानं एक ऑनलाइन वर्ग घेतला होता. जिल्ह्यातून मी एकटीच बसले असेन. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की गुण सांगू नका, प्रसंग सांगा. आज्ञाधारक पोरं आम्हाला नकोत, असंही त्या हसत हसत म्हणाल्या. आज्ञाधारकपणा हा दोष असतो हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. आमच्या घरी कळलं असतं तर माझं लग्न वेगळ्या ठिकाणी झालं असतं.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. पहिले आले एक राइस मिलवाले शेटजी. "मॅडम, पोरगा लय समाजसेवा करते, तेवढं लिहून टाका." पुरावा म्हणून फोटोंचा गठ्ठा. पोरगा मजुरांना घोंगड्या वाटतो आहे. मी फोटो निरखून पाहिले. घोंगडी घेणारी म्हातारी त्याच घोंगडीनं घाम पुसत होती. मी विचारलं, "शेटजी, हे कधीचं?" ते म्हणाले, "मागच्या आठवड्यातलं." आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. मी तरीही लिहिलं. प्रसंग पाहिजे होता, प्रसंग दिला. पोरगा लागला नाही, म्हातारीला घोंगडी मिळाली, एवढं पुण्य माझ्या खात्यावर आहे.

दुसरी एका डॉक्टरांची मुलगी. तिचं पत्र नागपूरच्या सल्लागाराकडून तयार होऊन आलं, मी फक्त माझ्या नावानं धाडायचं. त्या पत्रात मी म्हणे तिला तळ्याच्या पाळीवर एकटीच कविता वाचताना पाहिलं होतं आणि तिच्याकडं पाहून मला माझ्या शिकवण्याचा अर्थ नव्यानं कळला होता. मी तिला पाहिलं होतं ते तोंडी परीक्षेत, दहा मिनिटं. पण इंग्रजी असं सुरेख की मी ते तीनदा वाचलं आणि माझा जीव जळला. माझ्या नावावर कुणीतरी माझ्याहून चांगलं लिहून गेला होता! पोरगी लागली. तिचे वडील मला भेटले की आजही हात जोडतात, आणि मी तो नमस्कार गुमान घेते. नागपूरच्या त्या माणसाला मी पाहिलंही नाही, पण त्याच्यावर मी वर्षभर जळत होते.

मी जळकुटी आहे. आमचे हे म्हणतात, तुझ्या पोटात आगगाडीचं इंजिन आहे. आता घरचं सांगते, म्हणजे इंजिनात कोळसा कुणी घातला ते कळेल.

आमचा अनिकेत माझ्याच कॉलेजात होता. त्या विद्यापीठाचं नाव मी त्याच्यापुढं इतकं घेतलं की तो जेवताना कानात बोटं घालायचा. त्याचा निबंध मी लिहिला. शिफारसपत्रही मीच लिहिलं. आईचं पत्र चालत नाही, म्हणून भूगोलाच्या लांजेवार सरांच्या नावानं धाडलं. दोन पानं, तीन प्रसंग, त्यातला एक खरा. तक्त्यात 'सर्वोत्तम' वर खूण. लांजेवार सर सरळ माणूस. मराठीशिवाय त्यांना काही धड लिहिता येत नाही, सुट्टीचा इंग्रजी अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून घेत. त्यांनी पत्र न वाचताच बटण दाबलं. "तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असन, मॅडम."

मुलाखत संगणकावर होती. मी दाराआड उभी होते. समोरच्या बाईंनी अनिकेतला विचारलं, तुझ्या आईचं कोणतं म्हणणं तुला पटत नाही? पोरगं बिचारं दाराकडं पाहायला लागलं. मी आतून हातानं खुणा करत होते, बोल, बोल काहीतरी. तो म्हणाला, "सगळं पटते." तिथंच संपलं. निकाल आला तेव्हा मी दोन दिवस चूल पेटवली नाही. तो मात्र नागपूरच्या इंजिनिअरिंगला गेला आणि हॉस्टेलात मजेत राहायला लागला. पुढं एकदा म्हणाला, "आई, मले तिथं जायचंच नव्हतं." बोला आता!

याच्या दोन वर्षांनंतर प्रणाली आली.

नाकाडोंगरीची पोरगी. बाप मॅंगनीजच्या खाणीवर ठेकेदाराकडं कामाला, आई धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, आणि कापणीला जाणारी. रोज एसटीनं यायची, पहिल्या तासाला हमखास पाच मिनिटं उशीर. वर्गात प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर तसं तोंडावर सांगायची. आज्ञाधारक तर ती मुळीच नव्हती. दुपारच्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, मले एका कॉलेजचा अर्ज भरायचा हाये. तुमचं पत्र पाहिजे."

तिनं नाव घेतलं. तेच विद्यापीठ.

"तुले कोणं सांगतलं हे?"

"कोणीच नाही. मोबाइलवर पाह्यलं. फी माफ होते म्हणते तिथं. आन् नाटक हा विषयच हाये, मॅडम. नाटक! परीक्षेले."

"सोपं नाही बरं ते. आमचा अनिकेत..."

"हो मॅडम, मालूम हाये. दादा नाही लागला." पोरगी जराही चाचरली नाही. "तरी पाहू म्हटलं."

तरी पाहू म्हटलं! आमच्या घरी तीन वर्षं ज्याच्यासाठी होम पेटला होता, ते हिनं बाजारात भाजी पाहावी तसं पाहायचं ठरवलं होतं.

तिनं निबंध वाचायला दिला. वहीच्या पानावर, इंग्रजीत. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, आणि मंडईला गावचीच माणसं नाटक करतात. पाठांतर कुणाचंच धड नसतं. म्हणून रंगमंचापुढं एक खड्डा असतो, त्यात बसून एक जण वही पाहून सगळ्यांना वाक्यं सांगतो. गावात सगळ्यांत भरभर वाचते म्हणून प्रणाली सातवीपासून त्या खड्ड्यात बसत होती. तिनं लिहिलं होतं, आमच्या गावातल्या प्रत्येक राजाला, दरोडेखोराला आणि विधवेला मी बोलायला लावलं आहे, पण गावानं अजून माझा आवाज ऐकलेला नाही.

व्याकरणाच्या तीन चुका होत्या. मी तीनही पाहिल्या आणि कागद खाली ठेवला. तीस वर्षं निबंध तपासले. असं वाक्य मला तपासायला मिळालं नव्हतं, आणि लिहायला तर कधीच जमलं नव्हतं. अनिकेतच्या निबंधात मी 'नेतृत्व' हा शब्द सहा वेळा घातला होता.

मला त्या पोरीचा हेवा वाटला. गोडीगुलाबीचा हेवा नाही, अंगाची लाहीलाही. अनिकेतजवळ मी होते, माझी पुस्तकं होती, नागपूरची वादविवाद स्पर्धा होती. हिच्याजवळ खड्डा होता, आणि खड्ड्यातून हे वाक्य निघालं होतं. त्याहून मला काय झोंबलं ते सांगते. मोहाडीला आमच्या घरी कोशाच्या रेशमाचे माग होते. मी कांड्या भरता भरता पाठांतर करणारी पोरगी. बी.ए.ला पहिली आले तेव्हा आमच्या सरांनी पुण्याला जा म्हणून सांगितलं. घरी येऊन मी ते कुणाला बोललेसुद्धा नाही. नाही म्हणतील म्हणून विचारलंच नाही. आणि ही खाणकामगाराची पोरगी माझ्या दारात उभी राहून, पत्र पाहिजे, असं म्हणत होती, जसा तिचा हक्कच आहे.

तसा तो होताच म्हणा.

अर्जात एक चौकोन असतो. शिक्षकाचं पत्र वाचण्याचा हक्क मी सोडते, अशी खूण विद्यार्थ्यानं करायची. मी तिला त्याचा अर्थ सांगितला. ती हसली. "मी कायले वाचू मॅडम? तुम्ही लिहिलं म्हणजे चांगलंच असन." आणि खूण करून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तास नव्हता तेव्हा मी संगणकापुढं बसले. अनिकेतच्या पत्राची फाइल उघडली. दोन पानं. त्याच्यात नाव बदलून प्रणालीचा खरा खड्डा घातला असता तरी भागलं असतं. मी ती फाइल बंद केली. आणि आपलं जिल्ह्याचं पत्र इंग्रजीत लिहिलं. प्रामाणिक, नियमित, आज्ञाधारक, वर्तणूक चांगली, शुभेच्छा. तक्त्यात 'चांगली' वर खूण. पाठवून दिलं. चहासुद्धा निवला नव्हता.

यात खोटं एक अक्षर नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तीस वर्षं हेच लिहीत आले. शेजारच्या टेबलावर कुणाला दाखवलं असतं तर म्हणाले असते, वा मॅडम, छान लिहिलं. पण ज्याला सगळं येतं त्यानं न येण्याचं सोंग घेतलं की त्याला साधी चूक म्हणत नाहीत.

प्रणाली लागली नाही. मुलाखतीलाही बोलावलं नाही.

त्या पावसाळ्यात मी तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर मशीनमागं ती. "मॅडम, या ना!" म्हणून स्टूल पुढं केलं. इथं कामाला लागली होती. मी विचारलं, आता पुढं काय?

"मामानं स्थळ आणलं. एकोडीचं. धानाची शेती हाये, पोरगा बी चांगला हाये म्हणते." कागद सरळ करता करता ती बोलत होती. "बाबा म्हणते, एक वर्स थांबू. एकच. पुन्हा अर्ज भर, नाही झालं तर मग मामाचं ऐकू."

मी मान हलवली.

"मॅडम, खरं सांगा. माझा निबंधच कच्चा होता का? तुमचं पत्र तर चांगलंच गेलं असन. म्हणजे माझंच कुठं तरी कमी पडलं ना?"

आता पाहा, इथं मला गप्प बसता आलं असतं. पोट दुखतं म्हणून उठून जाता आलं असतं. मी म्हटलं, "तुझं इंग्रजी थोडं कच्चं आहे, बेटा."

"हो ना," ती म्हणाली. "मले वाटलंच होतं." आणि माझ्या प्रती पिन मारून व्यवस्थित पिशवीत घालून दिल्या.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा पत्र मागायला आली तेव्हा मी बोर्डाच्या पेपरांचं कारण सांगितलं. पेपर होते, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला चांगलं पत्र लिहायचं धाडस नव्हतं, कारण ते लिहिलं की आधीचं वाईट होतं हे माझं मलाच कबूल करावं लागलं असतं. आणि पुन्हा वाईट लिहायला मी काही राक्षसीण नाही. तर ती गेली लांजेवार सरांकडं. सर आले माझ्याकडं.

"मॅडम, प्रणाली पत्र मांगून राहिली. तुम्ही अनिकेतचं लिहून देल्लं होतं तसं देता का एखादं?"

"तुम्हाला वाटेल ते लिहा ना सर," मी म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकायला मला काय जातं!

सरांनी लिहिलं. मराठीत. अर्जात एक ओळ होती की पत्र कोणत्याही भारतीय भाषेत चालेल. इतक्या वर्षांत ती ओळ मी वाचलीच नव्हती. इंग्रजीच्या बाईला ती दिसावी तरी कशी? सरांनी काय लिहिलं ते त्यांनीच स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, गुप्तबिप्त त्यांना कुठलं समजायला. अकरावीत नकाशा शिकवताना प्रणाली उभी राहून म्हणाली होती की यात आमच्या गावची बोडी नाही. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहान तळं. सर म्हणाले, एवढं लहान नकाशात येत नसतं. तर दोन महिन्यांनी ही पोरगी गावाभोवतीच्या सगळ्या बोड्या पायांनी मोजून, चार मैत्रिणींना कामाला लावून, आपला नकाशा घेऊन आली. "माझी चूक होती, आणि ती माझ्या विद्यार्थिनीनं मला दाखवून दिली. असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं," हे सरांचं शेवटचं वाक्य. तो नकाशा भूगोलाच्या खोलीत अजून टांगलेला आहे. मी त्याच्यासमोरून रोज जात होते आणि मला वाटायचं, शासनानं पाठवलेला तक्ता असेल.

ती लागली. पूर्ण फी माफ. गावात डफडं वाजलं म्हणतात.

पेढे घेऊन आली तर आधी माझ्याकडं. "मॅडम, पहिलं पत्र तुमचं होतं. म्हून पहिला पेढा तुम्हाले." मी तो तोंडात टाकला. सगळी स्टाफरूम टाळ्या वाजवत होती, लांजेवार सर डोळे पुसत होते, आणि मी काय विचार करत होते? या माणसाला साधा सुट्टीचा अर्ज लिहिता येत नाही, आणि याचं पत्र कामी आलं! अनिकेतच्या पत्राखालीही नाव याचंच होतं, ते मात्र पडलं. पोरीपुढं लाज वाटायच्या ठिकाणी मला सरांचा राग येत होता. हेव्याला विटाळ नाही, लाज नाही, तो कुठंही जाऊन बसतो.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. प्राचार्य म्हणाले, समुपदेशकाचं काम तुमच्याकडंच राहू द्या, इंग्रजीतला दुसरा माणूस नाही. मीही राहू दिलं. मान कुणाला नको असतो?

या उन्हाळ्यात प्रणाली सुट्टीवर आली आणि तिनं प्राचार्यांना गळ घातली. आजूबाजूच्या कॉलेजातल्या शिक्षकांना अर्धा दिवस बोलवा, शिफारसपत्र कसं लिहायचं ते सांगते. आपल्याकडची पोरं निबंधात मागं नाहीत, पत्रात मार खातात, असं तिचं म्हणणं. साकोलीहून शिक्षक आले, वरठीहून आले. कूलरच्या समोरची जागा मिळवण्यात पहिली पंधरा मिनिटं गेली. मी पहिल्या रांगेत.

पोरगी बदलली नव्हती. तीच बोली, तोच ताठ मानेचा कारभार. तिनं पडद्यावर एक इंग्रजी पत्र लावलं. प्रामाणिक, नियमित, आज्ञाधारक, वर्तणूक चांगली. पुढील वाटचालीस शुभेच्छा. माझं पत्र. अक्षर न् अक्षर माझं. खाली सही मात्र नव्हती.

सगळे हसले. "हे तर आमचंच हाये!" वरठीचे एक सर उठले. "यात वाईट काय हाये पण? वर्तणूक चांगली हाये म्हणून राहिलो ना आपण."

"वाईट काहीच नाही सर," प्रणाली म्हणाली. "फक्त यात पोरगी नाही."

हिला पत्र सापडलं, कुठून तरी सापडलं, आणि चाळीस माणसांसमोर हिनं मला उभं केलं. पुढचं मी काही ऐकलं नाही. चहाची सुट्टी झाली तेव्हा मी पर्स उचलून निघणार, तेवढ्यात बारावीची रोशनी अर्ज घेऊन पुढं आली. "मॅडम, माझं पत्र तुम्ही लिहाल का?" प्रणाली तिच्या बाजूलाच उभी होती. ती हसून म्हणाली, "मॅडम लिहितीन ना! त्यांनी माझं बी लिहिलं होतं."

माझा तोल गेला.

"टोमणे कायले मारून राहिली वं?" मी म्हटलं. "सरळ बोल ना तोंडावर. पडद्यावरचं लेटर माझं हाये, मले दिसत नाही का? तू वाचलं, बरोबर हाये, वाचायलेच पाहिजे होतं. पण असं चारचौघांत..."

प्रणाली माझ्याकडं पाहतच राहिली. "कोणतं लेटर, मॅडम?"

"ते पडद्यावरचं."

"ते तर मी काल घरी बसून टाइप केलं. आपल्याकडं सगळे असंच लिहिते म्हून. कोणाचंच नाही ते."

कपबश्यांचा आवाज चालू होता. दोघीतिघी जणी आमच्याकडं वळून पाहत होत्या. प्रणालीला कळायला दोन क्षण लागले असतील. मी तिच्या तोंडावर ते उमटताना पाहिलं.

"म्हणजे माझं बी असंच धाडलं होतं तुम्ही?"

"हो."

"तुम्हाले मालूम नव्हतं, मॅडम? असं चालत नाही म्हून?"

केवढी मोठी वाट तिनं मला दिली होती! त्या हॉलमधल्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं म्हटलं असतं तर ती पुन्हा हसली असती आणि आम्ही चहा प्यायलो असतो. मला ते जमलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, बोलता बोलता मी इतकी पुढं गेले होते की मागं फिरायचं राहूनच गेलं.

"मालूम होतं," मी म्हटलं.

"मग काहून?"

"जळत होती मी तुझ्यावर."

"माझ्यावर?" तिला खरंच कळेना. "माझ्याजवळ होतं काय, मॅडम?"

खड्ड्याचं सांगायचं होतं, त्या वाक्याचं सांगायचं होतं. पण तिला रडू येत होतं आणि ते ती दाबत होती, तिच्यापुढं माझं काय सांगायचं.

"लेटरचं जाऊ द्या," ती म्हणाली. "झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही म्हटलं होतं, माझं इंग्रजी कच्चं हाये. ते बी..."

"ते खोटं होतं. तीन चुका होत्या. तीन चुका कोणाच्याही राहतात."

"मी वर्सभर डिक्शनरी पाठ केली, मॅडम. मशीन चालू असे आन् मी शब्द पाठ करो. अजून बी तिथं वर्गात हात वर कराले भेव वाटते मले. सगळे बोलून राहते आन् मी मनातल्या मनात वाक्य जुळवत बसतो, कच्चं तर नाही ना म्हून. तोवर तास होऊन जाते."

पत्राची लाज मी इतकी वर्षं पोटात घेऊन हिंडत होते. ते वाक्य मात्र मी विसरूनही गेले होते. माझ्या वर्गात उत्तर पटलं नाही तर तोंडावर सांगणारी पोरगी मी एका वाक्यात गप्प केली होती, आणि मला आठवतही नव्हतं.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. रोशनी अर्ज हातात धरून आम्हा दोघींकडं पाहत उभीच होती. प्रणालीनं तो तिच्या हातून हळूच घेतला, चहाच्या टेबलाजवळच्या लांजेवार सरांकडं नेऊन दिला आणि म्हणाली, "सर, हिचं तुम्ही लिहा." मग माझ्याकडं वळली. "चहा घ्या मॅडम, निवून राहिला." आवाज अदबीचा होता. पाहुण्या बाईशी बोलतात तसा.

मी चहा घेतला. लांजेवार सर रोशनीला घेऊन पलीकडच्या बाकावर बसले. खिशातला पेन काढला, पण लिहायला सुरुवात केली नाही. घरी कोण कोण आहे, सकाळी किती वाजता उठतेस, कॉलेजातून गेल्यावर काय करतेस, कशाचा राग येतो तुला, असं काहीबाही विचारत बसले. पोरगी आधी लाजत होती, मग हातवारे करून सांगायला लागली. तीस वर्षांत मी एकाही पोरीला हे विचारलं नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, तिथं बसल्या बसल्यासुद्धा मला सरांचा हेवाच वाटत होता.